३०० एमबीपीएसचा प्लॅन, राउटरला केबल जोडलेली, तरी कॉम्प्युटरवर वेग ९५ च्या पुढे का जात नाही?

तुमचा कॉम्प्युटर आणि राउटर एकमेकांशी १०० एमबीपीएसवरच जोडले गेले आहेत, आणि बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. ९४-९५ हा आकडाच ते सांगतो: १०० च्या जोडणीतून थोडा भाग डेटाच्या वेष्टनात (प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीत) जातो आणि हाती एवढाच उरतो. लॅन केबलमध्ये तारांच्या ४ जोड्या असतात. १०० एमबीपीएसला २ पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही, की जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते. नेट चालू राहतं, म्हणून शंकाही येत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या इथरनेटच्या पानावर 'लिंक स्पीड' बघा. तिथे १००/१०० दिसलं तर आधी केबल बदला (कॅट ५ई पुरेशी आहे, महागडी घेऊ नका). तरीही फरक पडला नाही, तर राउटरचा पोर्ट किंवा कॉम्प्युटरचं लॅन कार्डच १०० चं आहे का ते तपासा. स्वस्त राउटरमध्ये असे पोर्ट सर्रास असतात. मात्र लिंक स्पीड १०००/१००० दिसत असेल तर केबलला हात लावू नका. मग व्हीपीएन बंद करून आणि मागे चाललेले अपडेट थांबवून पुन्हा मोजा.