जुनी आलिशान गाडी विकत घेण्यापूर्वी तिची अवस्था कशी ओळखावी?

आपण विचारले आहे की, २०१५ सालची, दिल्ली पासिंगची, हवेचे सस्पेन्शन असलेली एक जर्मन डिझेल सेडान आपल्याला साडेअकरा लाखांत मिळत आहे, मीटरवर ५८,००० किलोमीटर दिसतात, रंग कंपनीचाच असल्याचे विक्रेता सांगतो. तर चोपड्याहून गाडी पाहायला जाताना काय काय तपासावे आणि ही किंमत रास्त आहे का. किमतीचे शेवटी बोलू. तपासणीबाबत माझे पहिले सांगणे एवढेच की गाडी सकाळी पाहा, आणि ती आदल्या संध्याकाळपासून चालू केलेली नसावी.

हेच मी २०२२ साली पुण्यात माझ्या शालकांना सांगितले होते. ते त्यांनी ऐकले नाही, आणि आज आमच्या सगळ्या नातेवाइकांत अशी समजूत आहे की ती गाडी ‘दाजींनी पास केली होती’. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

शालकांचा अमळनेर तालुक्यात कापसाचा व्यवहार आहे. त्या वर्षी कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतील तेव्हा दारात मोठी गाडी असावी, असे त्यांच्या मनाने घेतले. मी एस.टी.च्या आगारातून कारागीर म्हणून निवृत्त झालेलो असल्याने सोबत मला नेले. आम्ही रात्री निघून सकाळी अकराच्या सुमारास पुण्यात पोहोचलो. गाडी २०१२ ची, काळी, आरशासारखी पुसलेली होती. आठ दिवसांत ती जागची हलली नसल्याचे विक्रेत्याने सांगितले. मी बोनेटवर तळहात ठेवला तर तो गरम लागला, आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली असल्याने उन्हाचे कारणही सांगता येण्यासारखे नव्हते.

मी आत बसून पाहिले. ब्रेकच्या पेडलवरील रबराच्या रेघा झिजून ते गुळगुळीत झाले होते आणि स्टिअरिंगच्या चामड्याला डाव्या बाजूला, हात ठेवण्याच्या जागी, तेलकट चकाकी आली होती. मीटरवर मात्र ५४,००० होते. मी शालकांना बाजूला घेऊन म्हणालो की आज गाडी बंद करून ठेवायला सांगा, आपण मुक्काम करू आणि उद्या सकाळी सात वाजता पुन्हा पाहू. त्यावर ते विक्रेत्याच्या देखत हसून म्हणाले, ‘दाजी, ही एस.टी. नाही.’

या वाक्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, ते आता देतो. एस.टी.च्या माणसाला दुसरे काही कळत नसेल, पण हवा कळते. आगारात सकाळची पहिली गाडी काढताना हवेच्या दाबाचा काटा आधी पाहतात, कारण रात्रीत तो किती उतरला यावरून ब्रेकच्या यंत्रणेतील गळती समजते. मग सांध्यांना साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. आलिशान गाडीच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी हवेने भरलेली रबरी बेलो असते, ती जुनी झाली की घडीच्या जागी चिरते आणि तिच्यातून हवा हळूहळू निघून जाते. इंजिन चालू केल्यावर कंप्रेसर ती भरून काढतो, त्यामुळे ग्राहक येण्यापूर्वी दहा मिनिटे गाडी सुरू करून ठेवली तर चारही कोपरे समपातळीत दिसतात. रात्रभर उभी राहिल्याशिवाय हा दोष उघड होत नाही, आणि बोनेट गरम होते ते याचसाठी, असे माझे ठाम मत आहे.

बयाण्याची रक्कम मोजली जात असताना मी धुळ्याजवळच्या ढाब्यावरील शेवभाजीच्या बिलाच्या मागे चार मुद्दे लिहिले: बोनेट गरम, पेडल झिजलेले, गाडीच्या संगणकाचे स्कॅन करून घेतले नाही, मुक्काम नाकारला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आखाजीच्या दिवशी सकाळी अंगणातील निंबाखाली गाडी उभी होती आणि तिचा पुढचा डावा कोपरा इतका खाली गेला होता की टायर मडगार्डच्या आत शिरलेला दिसत होता. सासूबाई झोक्याला दोर बांधत असलेल्या मुलींकडून माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘जवाईबापू, गाडी बसी गई.’ पुढे आठ दिवसांनी कंप्रेसरही गेला, कारण गळकी बेलो भरत राहण्याचा ताण त्याच्यावर पडत होता आणि वर मे महिन्याचे आमच्याकडचे ऊन. दोन्ही पुढच्या बेलो आणि कंप्रेसर मिळून पावणेदोन लाख खर्च झाला. नाशिकच्या गॅरेजमध्ये स्कॅन केल्यावर गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या संगणकात, एका जुन्या दोषाची नोंद सापडली, ती १,१२,००० किलोमीटरवर झालेली होती. मीटर मागे घेणाऱ्याने डॅशबोर्डवरचा आकडा बदलला होता. गिअरबॉक्सला सांगायचे तो विसरला.

आता आपल्या गाडीकडे वळतो. संध्याकाळी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजावे; एखाद्या कोपऱ्यात बोटभरापेक्षा जास्त फरक पडला असेल तर तिथे गळती आहे असे धरावे. त्यानंतर थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद रेडिओ आणि एसी बंद ठेवून ऐकावेत. काही जर्मन डिझेल इंजिनांमध्ये टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारी साखळी, पुढे नसून गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली असते, त्यामुळे ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि चेनपेक्षा मजुरी जड होते. सैल झालेल्या चेनचा असा सुरुवातीचा खडखडाट ऐकू आला तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे विक्रेते सांगतात. पण असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ते बदलण्याची शिफारस करते.

स्कॅन विक्रेत्याच्या यंत्रावर नव्हे, त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्या, आपण निवडलेल्या गॅरेजमध्ये करून घ्यावा आणि प्रत्येक कंट्रोल युनिटमधील किलोमीटर मागावेत. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिन वाचतो, तो या कामाचा नाही. टायरवरील शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१८ हे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्याचे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ सगळीकडून धुतला जातो, तिथून सहसा जात नाही.

रंगाची मला फारशी चिंता वाटत नाही. मात्र लोहचुंबक घेऊन जाणार असाल तर तो घरीच ठेवा, कारण अशा अनेक गाड्यांचे बोनेट अॅल्युमिनियमचे असते आणि तिथे चुंबक पुट्टी नसतानाही चिकटत नाही. रंगाची जाडी मोजणारे, अॅल्युमिनियमवरही चालणारे यंत्र मिळाले तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. ३०० च्या पुढे गेला की काम झालेले आहे. दरवाज्याला नवा रंग असणे हा गुन्हा नाही. छताला किंवा पिलरला (छत धरणाऱ्या खांबाला) असेल तर गाडी सोडावी.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त असते त्यामागे राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून तिथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेले निर्बंध आहेत. त्यामुळे केवळ स्वस्ताईवरून संशय घेऊ नये. पण फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि जळगावला पुन्हा नोंदणी करताना भरावा लागणारा कर किमतीत धरूनच बोलणी करावी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावरच्या गाडीचे बोनेट सकाळी नऊलाच तापते, म्हणून तळहाताची परीक्षा सावलीत किंवा पहाटेच करावी. शिवाय महिनाभर उभी असलेली निरोगी गाडीही थोडी खाली येऊ शकते. एका रात्रीत बसणारी मात्र रोगीच असते. आणि हवेचे सस्पेन्शन मुळात वाईट नाही. शालकांची गाडी दुरुस्तीनंतर आजतागायत बसलेली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

किमतीबाबत असे की, सकाळचे मोजमाप आणि स्कॅन हाती येण्यापूर्वी साडेअकरा लाख या आकड्याला काही अर्थ नाही. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. निघालेल्या दोषांचा खर्च गॅरेजकडून लेखी घेऊन तो किमतीतून वजा करावा, आणि वर दोन लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसतील तर तेवढ्याच पैशांत नवी साधी गाडी घ्यावी.

सोबत जाणकार माणूस नेणार असाल तर त्याने सांगितलेले मुद्दे बयाणा देण्यापूर्वी कागदावर घ्यावेत आणि खाली आपण सही करावी. चोपडा मला लांब नाही, बोलावलेत तर मीही येईन. बोनेट गरम लागले तर मात्र चहा घेऊन परत फिरेन, आणि त्यानंतर आपण ती गाडी घेतलीत तर मी पास केली असे कोणाला सांगू नका.