आधी वाटणी कर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर तुमच्या गावच्या ग्रामसभेत तू उभी राहिलीस, समुद्राचे वाढलेले तापमान, हवेतले बाष्प, पावसाची बदललेली तऱ्हा हे सारे लोकांना कळेल अशा भाषेत सांगितलेस, आणि मागे बसलेल्या एका आजोबांनी "म्हणजे बाई, यात दोष कुणाचाच नाही म्हणायचा" एवढेच विचारले, तेव्हा तुला उत्तर सुचले नाही. त्याहून अधिक तुला लागले ते हे, की समोर खुर्च्यांवर बसलेले साहेब लोक तुझ्या प्रत्येक वाक्याला समाधानाने मान डोलवत होते. मी खरे बोलले आणि ते भलत्यांच्याच कामी आले, तर आता गप्प बसावे का, असे तू विचारतेस.

गप्प बसायचे नाही. मात्र यापुढे हवामानबदलाचे नाव तोंडातून काढण्याआधी वाटणी करायची. झालेल्या नुकसानीत आभाळाचा वाटा किती, जमिनीशी आपण केलेल्या खेळाचा किती आणि कचेरीत घेतलेल्या किंवा टाळलेल्या निर्णयांचा किती, हे तीन हिस्से वेगळे मांडल्याशिवाय तू बोलूच नयेस, असे मला वाटते. आजोबांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यांनी तुझ्याकडे वाटणीच मागितली होती.

तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे तुला मी सांगायला नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. आभाळाचा वाटा खरा आहे आणि तो वाढतो आहे. तो नाकारणाऱ्याशी वाद घालण्यात तू वेळ घालवू नकोस. माझे भांडण त्या वाट्याच्या आड लपणाऱ्यांशी आहे आणि ते जुने आहे.

२६ जुलै २००५ घे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही झाला नाही. मुंबईतल्या पावसाळी गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटरवरून ५० करावी, अशी शिफारस असलेला 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ सालचा, म्हणजे त्या प्रलयाच्या आधी बारा वर्षे तयार होता. ती शिफारस पुरी झाली असती तरी त्या दिवशी पाणी तुंबलेच असते, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण वाटणी करणाऱ्याने आपल्या सोयीचा हिस्सा फुगवायचा नसतो. परंतु मिठी नदीला विमानतळापाशी काटकोनात वळवणे, तिच्या काठच्या खाजणांवर भराव टाकणे, पात्रात बांधकामे होऊ देणे ही कामे आभाळाने केलेली नाहीत. तेव्हापासून आपल्याकडे एक सोयीचा शब्द रूढ झाला, ढगफुटी. वीस-तीस चौरस किलोमीटरांच्या परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर हवामान खाते तिला ढगफुटी म्हणते. आपल्याकडे मात्र नाल्यावरची मोरी वाहून गेली, की ठेकेदारापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ढगफुटीच असते, कारण फुटलेल्या ढगावर गुन्हा दाखल करता येत नाही.

उन्हाचेही तेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेली चौदा माणसे उष्माघाताने गेली. चंद्रपूरचा माणूस ज्याला कडक ऊन म्हणणार नाही, असे ते ऊन होते. पण दमट हवेत, डोक्यावर छप्पर नसताना, भर दुपारपर्यंत लाखो माणसे बसवून ठेवण्याचा निर्णय कुणीतरी घेतला होता. याउलट २०१०च्या मे महिन्यात उष्म्याने शेकडो माणसे दगावल्यावर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, दवाखान्यांना आणि वस्त्यांना आधी इशारा देण्याची व्यवस्था लावली. तिथले ऊन काही त्यामुळे कमी झाले नाही.

आता जरा सावकाश वाच, कारण इथे तुझ्यासारखी शिकलेली मुलेच घसरतात. वाटणी म्हणजे टक्केवारी नव्हे. ३० जुलै २०२४ला वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा त्या दिवसाचा पाऊस तापलेल्या हवामानामुळे सुमारे दहा टक्क्यांनी अधिक तीव्र झाला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आला. लगेच काही जण म्हणू लागले, मग नव्वद टक्के दोष खाणी आणि रिसॉर्टांचा. असे होत नाही. नदी काठोकाठ भरेपर्यंतचे पाणी कुणाचेच फारसे नुकसान करत नाही. काठावरून चढणारे शेवटचे फूटभर पाणीच घरात शिरते. तो शेवटचा फूट आभाळाने दिलेला असेल, आणि पात्र अरुंद केले नसते तर तोही पात्रातच मावला असता. म्हणजे एकाच फुटावर दोघांची नावे लागतात. सामाईक सातबाऱ्यावर असतात तशी. सामाईक जमिनीत कुणी एकट्याने "माझे काहीच नाही" म्हणून उठून जाऊ शकत नाही, एवढेच तुला ग्रामसभेत सांगायचे होते.

तू पाठवलेली छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली. काळी माती पुरुषभर खरडून गेली आहे आणि खाली पांढरट मुरूम उघडा पडला आहे. सोयाबीनच्या शेंगांना शेंगेतच कोंब फुटले आहेत. सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. जे मिळेल ते पदरात पाडून घ्या. पण पंचनाम्यात कारण म्हणून 'अतिवृष्टी' हा एकच शब्द लिहिला जातो आणि वाटणी तिथेच मरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. मंडळात दहा-पंधरा गावे, आणि पाऊस मोजणारे यंत्र बहुधा एका गावात. तुमच्या शिवारावर आभाळ कोसळले आणि यंत्रापाशी नुसती भुरभुर झाली, तर कागदावर तुमच्याकडे अतिवृष्टी झालेलीच नसते. वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने तुमच्या सीना नदीला पूर आला, तर तुमच्या मंडळाचा आकडा काय सांगणार? म्हणून म्हणतो, शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसव आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घे. हे काम कंटाळवाणे आहे. ते न करता हवामानावर भाषणे देणारे पुष्कळ भेटतील.

हा माझा हेका नवा नाही. नोकरीत असताना नदीच्या पाण्याचे हिशेब हे माझे काम होते, आणि पुरानंतरच्या प्रत्येक बैठकीत मी विचारत असे, की पाऊस कळला, आता धरण कोणत्या तारखेला किती भरले होते आणि विसर्ग किती वाजता वाढवला तेही इतिवृत्तात लिहा. एका वरिष्ठांनी मला सांगितले, की तुमच्या प्रश्नांनी पूर ओसरणार नाही. पुढे मला बैठकांना बोलावणे बंद झाले. दुसरीकडे चळवळीतल्या मित्रांनाही मी नकोसा झालो. प्रत्येक आपत्तीवर हवामानबदलाचा शिक्का मारायला मी तयार नव्हतो, म्हणून 'तू नाकारणाऱ्यांच्या हातात कोलीत देतोस' असे ते म्हणत. त्यांतला एक माझा अगदी जवळचा होता. याच वादावरून आमचे बोलणे तुटले आणि तो गेला तोवर ते पुन्हा जुळले नाही. त्याची खंत मला आहे. मुद्दा मात्र मी आजही सोडलेला नाही, आणि तो असता तर आज त्यालाही पटवला असता असे मला वाटते. हा म्हाताऱ्याचा हट्ट समज हवे तर.

निळ्या आणि लाल पूररेषा तुला ठाऊक आहेत. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. या रेषा जुन्या नोंदींवरून आखलेल्या असतात, आणि नदी आता त्या नोंदींप्रमाणे वागेनाशी झाली आहे. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. रेषा जुनी झाली हा आभाळाचा वाटा. ती वरच्या बाजूला सरकवायला हवी असताना बांधकामासाठी नदीकडे ढकलण्याची मागणी होते, तो आपला. आता या दोन वाक्यांतले कुठलेही एक गाळून बघ. उरलेले वाक्य कुणाच्या तरी पथ्यावर पडते.

गावात तुला आणखी दोन प्रकारची माणसे भेटली असतील. 'निसर्गापुढे कुणाचे काय चालते' म्हणणाऱ्यांवर चिडू नकोस. ज्याची दुभती जनावरे दावणीला बुडाली, त्याला उभे राहण्यासाठी असा काहीतरी आधार लागतो. 'धरणाचे पाणी मुद्दाम सोडले' म्हणणाऱ्यांना हसूही नकोस. मुद्दाम हा शब्द चूक असेल, पण विसर्गाचा हिशेब कुणी खुला केला नाही म्हणून अफवा पिकली. तो हिशेब माहितीच्या अधिकारात माग. मला चीड येते ती फक्त तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीची, 'आता काही करण्यासारखे उरले नाही' या वाक्याची. हे वाक्य शहरात वातानुकूलित खोलीत बसून म्हणायला ठीक आहे. तुमच्या शिवारात करण्यासारखे ढीगभर पडले आहे.

पहिले काम सांगतो. तुमच्या गावच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर जा. पावसाळ्याआधी त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे असतात आणि पाऊस संपल्यावर पुन्हा टाकायचे असतात. पूर आला तेव्हा ते काढलेले होते का, की दोन-चार गाळ्यांत तसेच अडकून होते, हे बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्यांना विचार. बर्गे जागेवर असले की पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडते आणि बाजूचे रान खरडून नेते. खरडलेल्या जमिनीचा नकाशा काढ, गट क्रमांक घाल आणि बघ, की नुकसान नदीकाठी सगळीकडे सारखे आहे, की बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना जास्त आहे. पात्रात वेड्या बाभळी किती माजल्या आहेत, वाळू कुठून उपसली आहे, तेही त्याच नकाशावर दाखव. मग पावसाचे आकडे शेजारी ठेव आणि ते आजोबा ज्या ग्रामसभेला येतील तिथे तो कागद भिंतीवर लाव. साहेबांना खुर्च्या त्याच्या समोरच टाकायला सांग. नकाशाची एक प्रत मला पाठव, मोठ्या कागदावर. मला आता बारीक अक्षर दिसत नाही.

तुझा,
काका