चार महिन्यांच्या बर्फासाठी तीन लाख डॉलरचा ट्रक?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्या शहरात राहते. तिथल्या नगरपालिकेनं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात रस्त्यावरचा बर्फ काढणारे दोन नवे ट्रक धरलेत. एकेक जवळपास तीन लाख डॉलरचा. जावई म्हणतात, घरपट्टी वाढणार ती यामुळेच. वर्षातून चार महिने लागणाऱ्या गाडीवर एवढा पैसा का घालवायचा? भाड्यानं घेता येत नाहीत का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, माझी सगळी नोकरी पालिकेच्या लेखा विभागात झाली. वाहन खरेदीचं पान समोर आलं की मी आधी विचारायची, बाकीचे महिने ही गाडी काय करणार? हे ट्रक मुळात डंपर असतात. पुढे पोलादी पातं, मागे बर्फ वितळवायला मीठ पसरायचं यंत्र. थंडी सरली की दोन्ही उतरवतात आणि तीच गाडी खडी, डांबर, माती वाहते. त्यामुळे चार महिन्यांचा हिशेब धरू नका.

आता भाड्याचं. ज्या रात्री बर्फ पडतो, त्या रात्री आसपासच्या प्रत्येक गावाला गाडी हवी असते. आपण सांगलीकरांनी हे भोगलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. बोटी मागायच्या तर कुणाकडे? कोल्हापूर स्वतःच पाण्यात होतं. संकट सगळ्या टापूवर एकदम येतं, तेव्हा शेजाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. मोठे वाहनतळ वगैरे तिथे ठेकेदाराकडून साफ करून घेतात, ते ठीक. पण ॲम्ब्युलन्सचा रस्ता पालिकेनं स्वतःच्या हातात ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

नुसतं मीठ टाकून भागत नाही. साधारण उणे 9 अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, आणि मिनेसोटात पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. तिथे पात्यानं खरवडावंच लागतं. शिवाय हेच मीठ गाडीची चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग खातं. म्हणून चांगल्या दिसणाऱ्या गाड्याही दहा-बारा वर्षांत बदलायला येतात.

बर्फ वेळेत उचलला नाही तर लोक माफ करत नाहीत. जानेवारी 1979 मध्ये शिकागोत प्रचंड हिमवर्षाव झाला, रस्ते कितीतरी दिवस तुंबलेले राहिले. पुढच्याच महिन्यात महापौर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणूक हरले आणि जेन बर्न त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

जावयांची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. एकदम दोन ट्रक का, हा प्रश्न रास्त आहे. ताफ्यात दहा गाड्या असतील आणि प्रत्येकीचं आयुष्य दहा वर्षं, तर दरवर्षी एक बदलायला हवी. खर्च सारखा राहतो, करदात्याला झटका बसत नाही. दोन मागितल्या जातात तेव्हा बहुतेक मागची एखादी पुढे ढकललेली असते. हे मी इथेही पाहिलं. घसारा, म्हणजे वापरानं गाडीची दरवर्षी घटणारी किंमत, वहीत नेमानं लिहिला जायचा, पण तेवढे पैसे बाजूला काढलेले नसायचे. शिवाय घसारा जुन्या किमतीवर, आणि गाडी घ्यायची आजच्या भावानं. वहीतला आकडा पुरा पडणार कसा?

पूर ओसरला की आपल्याकडे बोटी घ्या अशी मागणी होते, ती व्हायलाच हवी. पण बोटीचं इंजिन दर उन्हाळ्यात चालवून बघायला, मेकॅनिकला, पेट्रोलला, चालवणाऱ्यांच्या सरावाला वर्षाला पैसे लागतात. अंदाजपत्रकात त्यासाठी किती धरलेत, हे विचारणारा नागरिक मला क्वचित भेटला. तुम्ही विचारा. खरेदी भांडवली खर्चात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या खर्चात दिसेल, ही बाकीची रक्कम महसुली बाजूला, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात शोधावी लागेल.

मिनेसोटात शहरांचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आणि कर कायम करण्याआधी बहुतेक शहरांत डिसेंबरच्या सुमारास जाहीर सभा होते. लेकीला म्हणावं, तिथे जा आणि तीन गोष्टी विचार. जुन्या दोन गाड्यांचा गेल्या काही वर्षांचा दुरुस्तीखर्च किती? गाडी बदलण्यासाठी वेगळा निधी आहे का, आणि त्यात दरवर्षी किती पडतात? आणि ट्रक हाती कधी येणार? चेसिस एका कंपनीची, पातं आणि मिठाचं यंत्र दुसरीकडे बसवतात, त्यात बराच वेळ जातो. जानेवारीत मागणी नोंदवली तर त्याच सालच्या थंडीत गाडी रस्त्यावर दिसेलच असं नाही.