खिडकीच्या आतला बर्फ

ताई,
मी मूळची गिरगावची, गेली बावीस वर्षं इंग्लंडात डर्बीला आहे. नवरा इंग्लिश, वय ५९, स्वभावाने अतिशय चांगला. पण घरी कुणीही आलं की त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सुरू होतात. खिडकीच्या आतून बर्फ धरायचा, ७६च्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या नळावरून बादल्या आणायचो, पाखरं दुधाच्या बाटलीचं झाकण फोडायची. शिवाय रोजची निरीक्षणं आहेतच: कचऱ्याचे डबे, रांगा, कुरकुरणारे गुडघे. लोक हसतात. मी सगळं शंभरदा ऐकलंय. माझी आई गेली त्या रात्रीसुद्धा हा चहा घेऊन आला आणि ७६च्या उन्हाळ्याचंच सांगत बसला. ते मला अजून सलतं. माझ्या लहानपणाबद्दल मात्र त्याने कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात जेवायला पाहुणे होते, बर्फाची गोष्ट निघाली आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पुरे आता, पाठ झालीये सगळ्यांना." तो हसला, "बरोबर आहे तुझं" म्हणाला. तेव्हापासून एकही गोष्ट नाही. हवामान आणि कचऱ्याची गाडी येण्याचा वार, एवढंच बोलणं. त्याचा थोरला भाऊ गेल्या वर्षी वारला, तेव्हाही तो इतका गप्प नव्हता. माझं चुकलं का? की यापुढे खोटं हसत राहायचं?
– डर्बीहून एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

खोटं हसू नकोस. बावीस वर्षांच्या संसारात ते लगेच ओळखू येतं, आणि गप्प बसण्यापेक्षा जास्त लागतं. चुकलं का, तर हो, पाहुण्यांसमोर बोललीस ते चुकलं. पण तुझ्या चिडण्यामागे जे आहे ते खरं आहे, आणि त्याकडेही मी येणार आहे.

आधी माझी एक आठवण सांगते. १९८०च्या दशकात मी काही वर्षं लीड्सला होते. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं. शेजारी साठीच्या एक बाई राहायच्या. तीन वर्षांत आमचं बोलणं पावसापलीकडे गेलं नव्हतं. मग पुण्याला माझे वडील गेले. मूल तान्हं होतं, तिकिटाला पैसे नव्हते, मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि चाळीस मिनिटं १९६२-६३च्या हिवाळ्याबद्दल बोलत राहिल्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला तो मार्च उजाडेपर्यंत हटला नाही. इंग्लंडात १७४० नंतर इतका थंड हिवाळा झाला नव्हता. दारातल्या बाटलीतलं दूध गोठून वर यायचं आणि झाकण टोपीसारखं उचललं जायचं, हे सांगताना त्या मनापासून हसल्या. मग त्याच सुरात म्हणाल्या, की त्यांचे वडील त्या जानेवारीत गेले आणि जमीन इतकी टणक होती की दफनासाठी थांबावं लागलं. कप विसळून ठेवला आणि गेल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही.

मला संताप आला होता. माणूस गेलंय आणि ही बाई दुधाच्या बाटल्यांचं काय सांगते? पुढे कितीतरी दिवसांनी, भांडी घासताना, माझे हात पाण्यात तसेच थांबले. त्या बाई माझ्याकडे आपल्या वडिलांना घेऊन आल्या होत्या.

म्हणून तुझ्या आईच्या त्या रात्रीबद्दल मला आधी लिहायचं आहे. नवरा चहा घेऊन आला, तुझ्याजवळ बसला आणि त्याच्याकडे होती त्यातली सर्वांत आनंदाची वस्तू त्याने तुझ्यापुढे ठेवली. १९७६चा उन्हाळा म्हणजे त्याच्या वयाच्या इंग्लिश माणसाला काय असतो, हे आपल्याला सहज कळत नाही. त्या वर्षी जून-जुलैत सलग पंधरा दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर जात होता. बागेत नळी लावायला बंदी, कुठे कुठे घरचं पाणी बंद आणि रस्त्यावर सार्वजनिक नळ, ठिपकेवाल्या लाल किड्यांचे थवे. ऑगस्टमध्ये सरकारने डेनिस हॉवेल यांना खास दुष्काळमंत्री नेमलं आणि थोड्याच दिवसांत पाऊस कोसळायला लागला. ही गोष्ट ते लोक अजून एकमेकांना सांगून हसतात. बत्तीस अंश ऐकून गिरगावच्या माणसाला हसू येणारच. तू कधी त्याला "बत्तीसला आम्ही पंखाही लावत नाही" असं म्हणाली असशील, तर मला नवल वाटणार नाही. पण आपल्याकडे ७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं सुकडी आणि मिलो ज्वारीबद्दल अजून बोलतात ना? तसं आहे ते. हाल सारखे होते असं मी मुळीच म्हणत नाही, इकडे माणसं आणि जनावरं अन्नावाचून तडफडली. बोलण्याची गरज मात्र तीच. दहा वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा घरासाठी काहीतरी केलं, बादली वाहून आणली, आणि बहुधा भाऊ सोबत होता.

आता त्या भावाकडे येते. तू त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, तीही तुलनेसाठी. माझं बोट तिथेच अडकलं.

तुझा नवरा १९६६च्या आसपास जन्मला असणार. १९७०च्या सुमारास ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत सेंट्रल हीटिंग नव्हतं. बैठकीच्या खोलीत शेगडी, वरच्या खोल्या गार. रात्रभर श्वासाची वाफ काचेवर गोठायची आणि सकाळी आतून पानांच्या नक्षीसारखा बर्फ दिसायचा. मुलं नखाने त्यावर नाव कोरायची. १९७२च्या फेब्रुवारीत कोळसा खाणकामगारांचा संप झाला तेव्हा वीज पाळीपाळीने जायची, कुठल्या भागाची कधी जाणार हे वर्तमानपत्रांत छापून यायचं. आपल्या लोडशेडिंगसारखंच. मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हातांचे ससे-कुत्रे करणारी दोन मुलं मला दिसतात. या सगळ्याचा जगात एकच साक्षीदार होता, तो गेल्या वर्षी गेला. भाऊ होता तोवर तुझ्या नवऱ्याने गोष्ट चुकीची सांगितली तरी कुणीतरी "अरे नाही, ती बादली मी सांडली होती" म्हणणारं होतं. आता तसं म्हणणारं कुणी नाही. भाऊ गेल्यावर तो गप्प झाला नाही असं तू लिहितेस. उलट, त्या गोष्टी गेल्या वर्षभरात वाढल्या होत्या का, ते आठवून बघ. मला वाटतं, वाढल्या असतील. तू "पुरे" म्हणालीस ते बर्फाला, पण त्याला ते भावाबद्दल ऐकू आलं असेल. तुला हे माहीत नव्हतं, त्यामुळे स्वतःला फार कोसत बसू नकोस.

आता तुझी बाजू. बावीस वर्षांत त्याने तुझ्या लहानपणाबद्दल विचारलं नाही, हे दुखणारच. त्याला रस नाही असा अर्थ मात्र काढू नकोस. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेली बाई कल्याण येईपर्यंत पगार, सासू, मुलांचे मार्क सगळं विचारून घेते, आणि तिने विचारलं नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. त्या पिढीच्या इंग्लिश माणसाला, निदान कामगार वस्तीत वाढलेल्याला, लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं: दुसऱ्याच्या खासगीत नाक खुपसायचं नाही, त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. तो तुझी वाट बघतोय आणि तू त्याची. सगळेच असे असतात असं नाही, पण मी हे घरोघरी पाहिलं आहे, आणि मिश्र लग्नांत त्याने फार नुकसान होतं.

तेव्हा तू न विचारता सांग. तुझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, हे तुझं तुलाच आठवत नसेल कदाचित. त्याच्या दारात दूधवाला काचेच्या बाटल्या ठेवायचा, वर चंदेरी वर्खाचं झाकण, आणि ब्लू टिट नावाचं चिमणीहून लहान पाखरू चोचीने ते फोडून वरची साय खायचं. त्या पाखरांची ही युक्ती १९२१ साली साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंगमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली आणि मग देशभर पसरली. आता तुझं बघ. आरेचं केंद्र, पहाटेची रांग, हातात दुधाचं कार्ड आणि रिकाम्या बाटल्यांची खणखणणारी जाळी, त्या बाटल्यांनाही वर्खाचंच झाकण. ते धुऊन जपून ठेवायची काही घरं. एकाच काळात दोन मुलं दोन देशांत वर्खाच्या झाकणाखालची साय चाटत होती. हे तू त्याला सांगितलं आहेस का? मुंबईची लाल दुमजली बस १९३७ साली आली ती लंडनच्या धर्तीवर, आणि ती जुनी डिझेल बस सप्टेंबर २०२३मध्ये कायमची थांबली तेव्हा रडणारी माणसं मी पाहिली. त्याच्या वडिलांच्या तोंडी शिलिंग असतील, बारा पेन्सचा एक, वीस शिलिंगांचा पौंड, १५ फेब्रुवारी १९७१ला ती पद्धत गेली. तुझ्या आजीच्या तोंडी आणे, तेही १९५७ साली गेले, तरी "सोळा आणे खरं" आपण म्हणतोच. हे दोन्हीकडचं तुम्ही नाही तर कोण सांगणार?

कचऱ्याच्या डब्यांबद्दलही लिहिते, कारण तू ते कंटाळवाण्या गोष्टींत घातलं आहेस. कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा डबा न्यायचा हे तिकडे ठरलेलं असतं; मंगळवारी रात्री गल्लीतला पहिला माणूस ज्या रंगाचा डबा बाहेर काढतो, त्यावर सगळी गल्ली विश्वास ठेवते, अशासारखं काहीतरी तो म्हणत असेल. तो शेजाऱ्यांकडे बघतो, त्यांच्यात त्याला गंमत दिसते. ज्या दिवशी माणसाला डब्यांत गंमत दिसेनाशी होते, त्या दिवशी काळजी करायची. आणि तुझ्या पत्रावरून तो आता फक्त वार सांगतोय, गंमत सांगत नाहीये. म्हणून मला घाई वाटते.

नुसतं "सॉरी" म्हणू नकोस. तो "छे छे, काही नाही" म्हणेल, आणि विषय तिथेच मिटेल. एखाद्या रविवारी दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, चहा तू कर. भावाचा फोटो घरात असेल तर तो त्या खोलीत असू दे. त्याला सांग की त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तुला तोडलं, आणि तेव्हा ती गोष्ट कुणाची आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्या आईच्या त्या रात्रीचंही सांग, तुला ते तेव्हा लागलं होतं हेसुद्धा. लपवू नकोस, त्यालाही हे कळायला हवं की मराठी घरात अशा वेळी हात धरतात. मग थांब. तो कदाचित उठून बिस्किटं आणायला जाईल. जाऊ दे, परत येईल.

एवढं करूनही महिना-दोन महिने तो असाच राहिला, झोप उडाली, जेवण कमी झालं, तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, घेऊन जा. वियोगातल्या माणसांसाठी क्रूझ नावाची संस्था ब्रिटनमध्ये १९५९पासून आहे, तिथे नुसतं बोलता येतं. त्याला "मदत घे" म्हणण्यापेक्षा "मी पण येते" म्हण. तुझी आईही आहे ना त्यात.

आणि बर्फाची गोष्ट तूच काढ. तू ती शंभरदा ऐकलीस म्हणतेस, पण त्या खोलीत बहुधा दोन मुलं एकाच पलंगावर झोपत होती. खिडकीकडच्या गार बाजूला कोण झोपायचं, ते विचार त्याला.

– तुझी ताई