दोन बोअरचे रिपोर्ट वेगळे आले तर सरासरी धरायची का?

तुम्ही लिहिलंय की प्लॉट एकच, माती तपासायला मारलेल्या एका बोअरला एसबीसी, म्हणजे माती चौरस मीटरला किती भार बिनधोक पेलते तो आकडा, 9 टन आली, दुसऱ्याला 22, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय साडेपंधरा धरू. अजिबात नाही. साडेपंधरा टनाची माती त्या प्लॉटमध्ये कुठंच नाहीये भावा.

हे गणित मी घरातच ऐकलंय. आमचे साडू बांधकामं घेतात, बावड्याकडं त्यांचं एक काम होतं, रस्त्याकडनं लगेच मुरूम लागला आणि नदीकडच्या कोपऱ्यात काळी माती संपायचं नाव घेईना. साडू म्हणे, पाव्हणं, कोल्हापुरात मुरूम लागतोच की, बोअर कशाला वाढवताय. मी मुद्दाम भर दुपारी साईटवर जाऊन उभा राहिलो. एसपीटीला, म्हणजे बोअरमध्ये रॉड ठोकून मातीचा घट्टपणा मोजायच्या टेस्टला, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून सोडायचा असतो, पण उन्हानं पोरं दमलेली, दोर पुरता ओढतच नव्हती. आता हातोडा कमी उंचीवरून पडला की रॉड तेवढाच खाली घालायला ठोके जास्त लागणार, म्हणजे एन व्हॅल्यू, हा ठोक्यांचाच आकडा, वाढणार, म्हणजे पोरं दमली की कागदावर माती मजबूत! त्यात महिना मे, काळी माती वाळून दगड झालेली, हीच ऑगस्टमध्ये बघा म्हणावं. यावर साडूंचं उत्तर काय, तर माती पेलते त्याच्या तिसरा हिस्साच भार धरतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे की तीनचा. अहो, तो काय बोअरचे पैसे वाचवायला ठेवलाय का? शेवटी त्या कोपऱ्यातलं फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, मुरमापर्यंत खाली नेलं, आणि पाव्हण्यांनी खर्चात पाडलं म्हणून साडू अजून प्रत्येक लग्नात सांगत असतात.

एकाच थरातसुद्धा चिकणमातीची स्ट्रेंग्थ वीस-तीस टक्के सहज इकडंतिकडं होते, तिथं सरासरीच्या जरा खालचा आकडा धरणं ठीक. पण 9 आणि 22 हा फरक तसला वाटत नाही, बहुतेक थरच वेगळे आहेत, मग दोन्हीकडचा विचारही वेगळाच करायचा, नाहीतर एक बाजू खचणार आणि भिंतीला तिरक्या चिरा.

हां, सरासरी कायमच चूक असंही नाही. बांधाचा उतार घसरतो तेव्हा लांबच्या लांब पट्टा एकदम सरकतो, तिथं घट्ट-मऊ एकमेकाला सांभाळून घेतात. तुमच्या दीड मीटरच्या फुटिंगला पलीकडच्या मुरमाचा काय उपयोग? मधे अजून एक बोअर घ्या, काळी माती पाण्यानं किती फुगते ते बघायला तिची फ्री स्वेल टेस्ट करून घ्या, लॅबकडनं दर 15 सेंटीमीटरच्या ठोक्यांचं फील्ड शीट मागा. आणि बोअर कुठल्या महिन्यात मारले ते तुम्ही लिहिलंच नाही.