आम्हाला काय क्लास लावून वाढवलं होतं का?

"ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मुलगा नववीत, मुलगी चौथीत. मुलाच्या शाळेत पालकांसाठी क्लास सुरू होतोय, ८ रविवार, सकाळी २ तास. मी नाव देते म्हटलं तर मिस्टर हसले, आम्हाला काय आईबापांनी क्लास लावून वाढवलं होतं का. ते अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट असते. सासूबाई म्हणतात बिल्डिंगमध्ये कळलं तर लोक म्हणतील हिला पोरं सांभाळता येत नाहीत. मुलगा सारखा दार लावून मोबाईलवर. मागच्या आठवड्यात मी त्याच्या हातातून मोबाईल ओढला, त्याने दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. क्लासने तो सुधारेल का? जाऊ का नको?"

अगं जा. बिनधास्त जा. पण 'तो सुधारेल का' इथे मी जरा थांबले, कारण क्लासला तू जाणारेस, तो नाही. त्याला दुरुस्त करायला म्हणून गेलीस तर तिसऱ्याच रविवारी म्हणशील काही फरक नाही, पैसे वाया.

मी पण गेले होते अशा क्लासला, माझी मुलगी आठवीत असताना, कॉलेज रोडला एका छोट्या हॉलमध्ये, आठदहा आया आणि एकच बाबा, तेही सारखे घड्याळ बघत. पहिल्या दिवशी 'मी-वाक्य' शिकवलं. म्हणजे 'तू कधीच वेळेवर येत नाहीस' असं न म्हणता 'तू ८ सांगून साडेनऊला आलास की मला काळजी वाटते' असं म्हणायचं. हे थॉमस गॉर्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं, १९६२ पासून तो कॅलिफोर्नियात आईबापांचे क्लास घ्यायचा. मी घरी आले, गादीवर ओला टॉवेल, मी एकदम गोड आवाजात, बाळा ओला टॉवेल गादीवर दिसला की मला वाईट वाटतं गं. मुलीने मान वर केली आणि विचारलं, आई तुझी तब्येत बरी आहे ना?

तर पहिले काही दिवस हे असंच होणार, हसू दे त्याला.

मला खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाईंनी जोड्या लावल्या, मी मुलगी झाले आणि शेजारची बाई माझी आई. माझीच रोजची वाक्यं मी तिला लिहून दिली होती, ती तिने माझ्याच टोनमध्ये म्हटली, 'तुझ्यासाठी आम्ही काय काय करतो आणि तू.' माझा घसा दाटून आला हो. चाळिशीची बाई मी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, आणि मला खरंच वाटलं आता उठून जावं आणि दार लावून घ्यावं.

म्हणून नाव देण्याआधी शाळेत एवढंच विचार की असं करून घेतात का, का नुसतं माईकवरून बोलतात. ऐकायला आपण नाशिककर पक्के आहोत, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जातोच की, पण ते व्याख्यान, क्लास नाही. आणि '२१ दिवसांत मुलगा बदलून देतो' असं कोणी म्हटलं तर तिथून चप्पल घालून निघ. मुलांना पण कधी बोलावणार का तेही विचार. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाचा १० ते १४ वयाच्या मुलांच्या घरांसाठी ७ आठवड्यांचा असा कार्यक्रम आहे, त्यात पहिला तास आईबाप एका खोलीत आणि मुलं दुसरीत, दुसरा तास सगळे एकत्र. मला ही पद्धत फार पटते, मुलाला पण बोलायला जागा मिळते.

आता एक गोष्ट जी कोणी सांगणार नाही. क्लास त्याच्याच शाळेत आहे म्हणजे त्याच्या मित्रांच्या आया तिथे असणार, तू रविवारी कॅलेंडरचा किस्सा सांगितलास की सोमवारी तो वर्गात पोचलाच म्हणून समज. इथलं बाहेर बोलायचं नाही असं पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्यायला सांग, आणि तरी स्वतःबद्दलच बोल, त्याच्याबद्दल नको.

त्याला आधी तूच सांग क्लासचं. 'तुझ्यामुळे जावं लागतंय' असं नाही, 'मला राग आला की काय करावं सुचत नाही म्हणून जातेय' असं. आणि मोबाईल ओढल्याबद्दल सॉरी म्हण, नियम मात्र सोडू नकोस, रात्री सगळ्यांचे मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, मिस्टरांचा पण. हो, त्यांचा पण!

मिस्टरांशी वाद घालू नकोस. कंपनीत नवीन मशीन आलं की ट्रेनिंगला बसवतात ना, तेव्हा कोणी म्हणतं का आमच्या वडिलांनी कुठे ट्रेनिंग घेतलं होतं? एवढं बोल आणि एकच रविवार माग, नंतर मिसळ खायला जाऊ म्हण. आणि पूर्वी क्लास नव्हते कारण पंचवटीच्या वाड्यात बाप ओरडला की काकू वरणभात वाढत हळूच सगळं काढून घ्यायची पोराच्या पोटातलं, तुमच्या टूबीएचकेत काकू कुठून आणायची? (वाड्यात सगळं छानच होतं असंही नाही, मार खाऊन गप्प बसलेली पोरं मी पाहिलीयेत.)

पण तो जेवेनासा झाला, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला तर क्लासची वाट बघू नकोस, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, आणि डॉक्टरांना दाखव.

राहिल्या सासूबाई. त्यांना क्लासचं काही पटवायला जाऊ नकोस, एखाद्या संध्याकाळी मेथी निवडताना सहज विचार, आई, हे नववीत असताना कसे होते हो? मुलाच्या खोलीचं दार तेव्हा थोडं उघडं असेल तर फारच उत्तम.