सांधेबदल शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिकेने रुग्णाची जोखीम कशी तपासावी?

डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतातच, मग गुडघा किंवा खुबा बदलण्यापूर्वी नर्सिंगच्या विद्यार्थिनीने वेगळे काय पाहायचे, असा आपला प्रश्न आहे. मी अस्थिरोग वॉर्डात परिचारिका आहे. माझ्या मते जे अहवालात उमटत नाही, ते शोधणे हे आपले मुख्य काम.

हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) यांवर सर्वांचेच लक्ष असते. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ८ टक्क्यांच्या वर गेली तर अनेक सर्जन शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, कारण साखर जास्त असली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि कृत्रिम सांध्याला संसर्ग झाल्यास सांधाच काढून टाकण्याचीही वेळ येऊ शकते. हाच संसर्ग किडलेल्या दातातून, लघवीच्या जळजळीतून, टाचांच्या भेगांतून किंवा पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्यांतूनही येऊ शकतो. म्हणून मोजे उतरवून दोन्ही पाय स्वतः पाहावेत. गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले आहे का, हेही विचारावे.

औषधांची आणि तंबाखूची चौकशी शक्यतो नातेवाईक बाहेर असताना करावी. ‘तंबाखू खाता का?’ याला नाही म्हणणाऱ्या आजी रोज मशेरी लावत असतात, आणि त्यातल्या निकोटिनमुळे जखम भरायला वेळ लागतो. सांधेदुखीवर घेतलेल्या बिनलेबलच्या पुडीत कधी कधी स्टिरॉइड असते, तेव्हा ती पुडी मागवून घेऊन भूलतज्ज्ञांना दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी, मोठ्याने घोरणे (झोपेत श्वास अडखळत असल्याची खूण असू शकते) या गोष्टींची नोंद वेगळी करावी. गोळ्या कधी थांबवायच्या, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

घरी परतण्याची जोखीम मापण्यासाठी ‘रॅप्ट’ ही १२ गुणांची ऑस्ट्रेलियन प्रश्नावली उपयोगी आहे. वय, लिंग, चालण्याचे अंतर, काठी किंवा वॉकर, बाहेरून मिळणारी मदत आणि घरी सांभाळणारे माणूस एवढेच ती विचारते. ९ पेक्षा जास्त गुण असलेला रुग्ण बहुधा थेट घरी जाऊ शकतो, ६ पेक्षा कमी असल्यास पुनर्वसन लांबते. आपल्याकडे मी त्यात दोन प्रश्न जोडते: संडास भारतीय पद्धतीचा आहे का, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत किती जिने चढावे लागतात?

जे आढळेल ते त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण आदल्या रात्री सांगितलेल्या चिखल्यांवर उपचार करायला वेळच उरत नाही.